रेडिओची वेगळी तार

प्रिय फोरमन,

हे पत्र शेवटापासून वाचायला घेऊ नकोस. तुझी सवय मला ठाऊक आहे. पुस्तकाचं शेवटचं पान आधी, मग पहिलं, आणि मूड असला तर मधलं. या वेळी कृपा कर आणि सरळ वाच. शेवटी मी तुला एक गोष्ट विचारणार आहे, आणि मधलं वाचल्याशिवाय ती विचारून काही उपयोग नाही. उत्तर हो किंवा नाही, एवढंच हवंय. 'नाही' आलं तर मी भिंतीवर डोकं आपटणार नाही. म्हणजे आपटेन, पण हळू.

बसस्टँडवर तू काय बोललीस ते तुझ्या लक्षात असेल असं धरून चालतो. माझ्या तर डोक्यातून जातच नाही. खिडकीतून मान बाहेर काढून, सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात तू म्हणालीस, "फोन करू नकोस, फोनवर तू भडकतोस. एक काम, कुठलंही एकच काम, शेवटपर्यंत करून दाखव. मग मला पत्र लिही." बस हलली तेव्हा मी मागून ओरडलो की असल्या अटी कोण घालतं! शेजारी एक हमाल पेटीवर बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "जिला पत्र हवं असतं ती घालते." मी त्याच्यावरही भडकलो. नंतर घरी जाताना वाटलं, त्याला निदान चहा तरी पाजायला हवा होता.

तर मी अजून त्याच गॅरेजात आहे. भुवई खाली घे. वस्तादांनी मला दोनदा हाकललं आणि मी स्वतःहून तीनदा सोडलं, तरी सकाळी शटर वर जायच्या वेळेला आम्ही दोघं समोरासमोर उभे असतोच. जुन्या गाड्यांना हात लावणारं गावात आमचंच एक दुकान उरलंय. बाकीचे बॉनेट उघडतात, कार्बोरेटर बघतात आणि देवघर उघडं राहिल्यासारखं घाईने बंद करतात. आमचं छप्पर पत्र्याचं, पंख्याला दोनच पाती, आणि हात धुवायला लाकडाच्या भुश्यात कालवलेली कपड्यांची पावडर. तुला कॉलेजच्या वर्कशॉपचा वास आवडायचा. इथे तोच वास आहे, फक्त हजेरी घेणारा कुणी नाही. तिथे तू आमच्या गटाला हुकूम सोडायचीस, म्हणून तुझं नाव फोरमन पडलं. मी अॅप्रन टेबलावर आपटून कॉलेज सोडलं त्या दिवशीसुद्धा तू मागून फक्त एवढंच म्हणाली होतीस, "व्हाइस सैल करून जा." ती पकड सैल करून गेलो होतो, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

एके दिवशी सकाळी तुझे बाबा आले. गाडी ढकलत आले. पुढे ते, मागे रस्त्यावरची दोन माणसं. गाडीचं वर्णन तुला कशाला सांगू? तुझ्याहून वयाने मोठी, सायीच्या रंगाची, समोरून बघितलं तर बोळकं पसरून हसणारा म्हातारा. मी दुसऱ्या एका गाडीखाली होतो. बाहेर सरकलो तेव्हा तोंडभर ग्रीस होतं, त्यामुळे ओळखणार नाहीत म्हणून निर्धास्त होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तोंड उघड." दवाखान्यातला तोच आवाज गं. माणूस विचार करायच्या आत जबडा उघडतो. "वरचा, डावीकडचा. अर्धा तुटला होता, मीच बांधलाय. मारामारी." मग वस्तादांकडे वळून, "ओळखतो मी याला. दात चांगला बसलाय. बाकीच्याबद्दल सांगता येत नाही."

एवढंच. तुझं नाव नाही, माझं कॉलेज नाही. तक्रार त्यांनी रोग्यासारखी सांगितली. सकाळी उठत नाही, चढावर दम लागतो, मध्येच ठसका येतो. "आणि तिला लांब जायचंय. वाटेत घाट आहे." वस्तादांनी विचारलं, लांब म्हणजे कुठे? "लांब." आता आपल्या इथून लांब जाणारा आणि वाटेत घाट लागणारा रस्ता एकच आहे, आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला तू पुलांवर हातोडी मारत हिंडतेस. मी काही बोललो नाही. मी! वस्तादांनी वळून बघितलं, मला बरं आहे ना म्हणून.

तू पूल बघणारी, म्हणून सोपं करून सांगतो. जुन्या गाडीत प्लगला ठिणगी मिळावी म्हणून धातूचे दोन बारीक दात सतत उघडझाप करत असतात. त्यांना पॉइंट म्हणतात, आणि ते बसतात त्या वाटीला डिस्ट्रिब्युटर. ते झिजतात, काळे पडतात, मधली फट बिघडते, आणि गाडी रुसते. नीट बसवले तर बरेच महिने चालतात. तुझ्या बाबांच्या गाडीचे मात्र पुन्हा पुन्हा काळे ठिक्कर पडत होते. आम्ही बदलले, पुन्हा पडले. बॅटरी नवी टाकली, ती सकाळी मेलेली. वस्ताद म्हणाले, "डॉक्टर, गाडीने तंबाखू धरली की काय?" बाबांना विनोद आवडला नाही. त्यांनी खिशातून दवाखान्यातला तो छोटा गोल आरसा काढला, पॉइंटमागे घातला, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, "कीड खोल आहे." हे सगळं कधीपासून होतंय असं मी विचारलं. ते म्हणाले, "पावसाळ्याआधीपासून." तू गेलीस तेव्हापासून, असंही म्हणता आलं असतं. तारीख एकच होती. पण मी तेव्हा दोन्ही गोष्टी जोडल्या नाहीत. माझं डोकं दुसरीकडेच होतं. हा माणूस रोज सकाळी तुझ्याच घरातून उठून येतो, त्याच्या कोटाला तुझ्याच घराचा वास असणार, असले काहीतरी विचार. हस, हस. वस्तादही हसले होते.

मी म्हणालो, पॉइंटच काढून टाकू. त्या जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक किट मिळतं. काडेपेटीएवढा काळा डबा, त्याच्यासमोर चुंबकाची एक कडी फिरते, आणि डबा बरोबर वेळेवर ठिणगी सोडतो. झिजायला काही नाही, फट लावायला काही नाही. वस्ताद उसळले. "जे उघडत नाही ते दुरुस्त कसं करायचं? घाटात बंद पडली तर डब्याची पूजा करणार का?" मी म्हणालो, पॉइंट तर अंगणातच बंद पडतायत, घाट लांब राहिला. आमचे आवाज इतके चढले की समोरचा न्हावी अर्धी दाढी सोडून बघायला आला. दाढीवालाही आला. तुझे बाबा मध्ये उभे. शेवटी मला म्हणाले, "म्हणजे दात काढून कवळी बसवायची म्हणतोस." मी म्हणालो, "कवळीला कीड लागत नाही." ते हसले. तुझ्या बाबांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. तू हसतेस तेव्हा डावा गाल आधी जातो ना, तसंच. मी घाईने बॉनेटमध्ये डोकं घातलं.

किट बसवलं आणि गाडी अर्ध्या फेरीत उठली. इतकी गुळगुळीत चालायला लागली की बॉनेटवर ठेवलेला पाना हलेना. वस्तादांनी कान लावला आणि काही बोलले नाहीत. ही त्यांची शाबासकी. मी त्या दिवशी घरी जाताना पत्राचा मजकूरसुद्धा ठरवला होता. 'काम पूर्ण केलं आहे,' अशी सुरुवात. आणि आठवडा भरायच्या आत बाबा पुन्हा ढकलत आले. डबा जळाला होता. वास येत होता.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी तो जळका डबा घेऊन पार्टवाल्याकडे गेलो आणि त्याच्या काउंटरवर आपटला. नकली माल विकतोस म्हणालो, आणखी पुष्कळ म्हणालो. त्याने निमूट दुसरा दिला. तो बसवला. तोही जळाला. आता मात्र मी दुकानात शिरलो तो अगदी ठरवूनच, की आज याचं दुकान किंवा मी. पार्टवाला माणूस जाडा आणि थंड. त्याने मला पूर्ण ओरडून घेऊ दिलं, मग म्हणाला, "झालं? आता माझं ऐक. पहिल्या वेळी हे किट देताना मी तुला सांगत होतो, पण तू अर्ध्यातच पाठ फिरवून गेलास. इंजीन बंद आणि किल्ली चालू, असं ठेवायचं नाही. डबा आणि ठिणगीची कॉइल आतल्या आत तापत राहतात, शेवटी जळतात. जुने पॉइंटसुद्धा त्यानेच काळे होतात, फक्त ते बिचारे सावकाश मरतात. तुझ्या गिऱ्हाइकाच्या घरी कुणीतरी किल्ली फिरवून विसरतंय." पुढे म्हणाला, "दुसरा मी मुकाट्याने दिला, कारण तू ऐकायच्या अवस्थेत नव्हतास." फोरमन, शरम वाटावी असा तो क्षण होता. पण मला शरम वाटायच्या आधी राग येतो. रागाला नवं ठिकाण सापडलं होतं. काळे पॉइंट, मेलेली बॅटरी, जळालेले दोन डबे, सगळ्याचं उत्तर एकच. तुझ्या घरी कुणीतरी किल्ली चालू ठेवत होतं, आणि शिव्या मी खात होतो.

तसाच तुमच्या घरी गेलो. संध्याकाळ होती, दिवे नुकतेच लागले होते. दार तुझ्या आत्याने उघडलं. माझ्या हातातला डबा आणि माझं तोंड बघून त्या जराही घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, "डॉक्टर ना? गाडीत बसलेत." मी विचारलं, कुठे गेलेत? "कुठे नाही रे. शेडमध्ये. माझा भाऊ रोज संध्याकाळी गाडीत बसतो आणि गाडी जागची हलत नाही. पेट्रोल वाचवायची त्याची रीत आहे." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "जा, पण जोरात बोलू नकोस. कार्यक्रम चालू असेल."

मी शेडच्या दाराशी पोचलो तेव्हा तोंडात पहिलं वाक्य तयार होतं. डॉक्टर, तुम्हाला किल्ली फिरवायची अक्कल, इथपर्यंत. दार अर्धवट उघडं होतं. आत गाडी अंधारात, फक्त रेडिओच्या काट्याचा पिवळा उजेड. ते स्टिअरिंगमागे बसले होते. रेडिओवर प्रश्नमंजूषा चालू होती, तुझी ती. बाई प्रश्न विचारतात, घंटा वाजेपर्यंत थांबतात आणि मग उत्तर सांगतात. पहिल्या प्रश्नाला बाबांनी घंटेच्या आधी उत्तर दिलं. बरोबर होतं. दुसऱ्या प्रश्नाला ते गप्प राहिले. मला वाटलं, येत नसेल. तिसऱ्याला पटकन उत्तर. चौथ्याला पुन्हा गप्प. चौथा प्रश्न तर माझ्यासारख्यालाही येत होता. समुद्रसपाटीवर पाणी किती अंशांना उकळतं! दातांच्या डॉक्टरला हे येत नाही? ते नुसते समोरच्या भिंतीकडे बघत बसले, घंटा वाजली, बाईंनी उत्तर सांगितलं, आणि त्यांनी बाजूच्या रिकाम्या सीटकडे बघून हळूच मान हलवली. 'बरोबर' अशी.

तेव्हा मला कळलं. एकाआड एक. एक प्रश्न त्यांचा, एक तुझा. तू मला सांगितलं होतंस गं, कॅन्टीनच्या पायऱ्यांवर, की शाळेत असल्यापासून तुम्ही दोघं दवाखान्यातून आल्यावर गाडीतून उतरायचाच नाहीत. आत्या जेवायला हाका मारून थकायच्या, पण तो कार्यक्रम संपल्याशिवाय कुणी दार उघडायचं नाही. मी तेव्हा म्हटलं होतं, घरात रेडिओ नाही का? तू माझ्याकडे असं बघितलं होतंस, की हा मुलगा नापास. आता तुझे नंबर ते रिकामे सोडतात. तुझ्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत. आणि त्या गाडीत रेडिओ किल्लीवर जोडलेला असल्यामुळे तो ऐकायचा तर किल्ली चालू ठेवावीच लागते. पूर्वीही ठेवायचात, पण तो कार्यक्रम संपला की तू हात लांब करून किल्ली बंद करायचीस. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. आता कार्यक्रम संपतो, बातम्या लागतात, हवामान लागतं, आणि किल्ली बंद करायला बाजूला कुणी नसतं.

माझा सगळा राग असा उतरला, जशी टायरची हवा. खोकलो. "कोण?" मी सांगितलं. "मागे बस," म्हणाले. मी पुढचं दार उघडायला गेलो होतो. ते पुन्हा म्हणाले, "मागे." तर मी शेटजीसारखा मागच्या सीटवर, बंद गाडीत, जळका डबा मांडीवर घेऊन. पुढचा प्रश्न आला, मला येतोय असं वाटलं, सवयीने उत्तर देऊन टाकलं. तेही चुकीचं. ते आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले, "तो तिचा नंबर होता." सॉरी म्हणालो. आयुष्यात किती जणांना म्हटलंय ते तू मोजू शकशील. कार्यक्रम संपल्यावर मी पुढे वाकलो, हात लांब केला आणि किल्ली बंद केली. डब्याबद्दल मी त्यांना काहीच सांगितलं नाही. काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी मी गाडी गॅरेजात आणली आणि तिसरा डबा बसवण्याआधी एक वेगळंच काम केलं. बॅटरीवरून रेडिओला सरळ एक वेगळी तार ओढली, तिला तिचा फ्यूज, आणि डॅशबोर्डाच्या खाली एक छोटं बटण. किल्लीचा संबंधच नको. आता रेडिओ रात्रभर बडबडला तरी इग्निशनला कळणार नाही. बॅटरी मोठी टाकली. वस्ताद म्हणाले, "हे तुला कुणी सांगितलं होतं?" कुणी नाही म्हणालो. त्यांनी तारेचा पट्टा ओढून बघितला, घट्ट बसलाय का ते, आणि निघून गेले. बाबांना बटण दाखवलं तेव्हा ते विचारत होते, हे कशाला? मी सांगितलं, "रेडिओसाठी. हवं तेवढं बसा." त्यांनी बटण दाबलं, बंद केलं, पुन्हा दाबलं. मग कोटाच्या खिशातून तो गोल आरसा काढला आणि माझ्या वरच्या खिशात घातला, जसं पेन लावतात. "डिस्ट्रिब्युटरच्या मागची बाजू डोळ्यांनी दिसत नाही," एवढंच म्हणाले. तो आरसा आता रोज माझ्याजवळ असतो. कालच वस्तादांनी मागितला, मी दिला नाही.

मग राहिला दम. गाडीचं नाक म्हणजे एअर फिल्टर. मूळचा म्हणजे लोखंडी डबा, आत तेल, इतका जुना की श्वास घेताना गाडी घोरायची. मी त्याजागी कापसाच्या जाळीचा शंकूसारखा उघडा फिल्टर लावला, धुऊन पुन्हा वापरता येतो तो. आवाज असा आला की गल्लीतले कुत्रे उठले. मला फार आवडला. बाबा एक चक्कर मारून आले, उतरले आणि म्हणाले, "आवाज मोठा, काम तेवढंच. ओळखीचं वाटतं." वस्ताद इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. पण खरं होतं. चढावर गाडी अजूनच धापा टाकत होती. उघडा फिल्टर इंजिनाच्या बाजूची तापलेली हवा ओढत होता, आणि जास्त हवा मिळाल्यावर तिच्या जोडीला पेट्रोलही जास्त लागतं, ते कार्बोरेटरमधला जुना जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकाची तोटी, सोडत नव्हता. म्हणजे फिल्टर बदलला की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. पत्र्याची पेटी करायची, समोरच्या जाळीतून थंड हवा आणायला नळी जोडायची, मग जेट बदलायचा, चढ चढून यायचा, प्लग काढून रंग बघायचा. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, काळा म्हणजे जास्त. पुन्हा जेट, पुन्हा चढ, पुन्हा प्लग. पाण्याच्या टाकीमागचा तो चढ मी इतक्यांदा चढलो की टाकीचा रखवालदार मला येताना दिसला की हात दाखवून 'अजून नाही?' अशी खूण करायचा. एका दुपारी मी वैतागून पाना फेकला, फिल्टरचा जुना डबा शोधायला लागलो, परत लावून टाकू म्हटलं, कोण बघतंय. तो डबा सापडला कुठे माहितेय? वस्ताद त्यावर बसून डबा खात होते. उठले नाहीत. म्हणाले, "जेवण होईस्तोवर थांब, मग घेऊन जा." जेवण होईपर्यंत माझं डोकं थंड झालं. त्यांना हे ठाऊक असणार. माणूस मुद्दाम हळू जेवत होता.

प्लग शेवटी बदामी निघाले. चारही. तुझ्या बाबांनी ते एका रांगेत फडक्यावर मांडले, एकेक उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "निरोगी." मग किल्ली माझ्या हातात दिली. "चालव." मी म्हटलं, तुम्ही? ते मागचं दार उघडून मागे बसले. दवाखान्यातले डॉक्टर स्वतःच्या गाडीत मागे, गॅरेजातला पोऱ्या स्टिअरिंगवर, आणि बाजूची सीट रिकामी. तसेच आम्ही टाकीचा चढ चढलो, तिसऱ्या गिअरमध्ये, न खोकता, न ठसकता. रखवालदाराने शिट्टी मारली. वर पोचल्यावर इंजीन बंद केलं, त्यांनी मागून हात घालून ते छोटं बटण दाबलं आणि संध्याकाळचा कार्यक्रम लावला. पहिला प्रश्न त्यांचा. दुसरा तुझा, आम्ही दोघं गप्प. तिसऱ्या प्रश्नालाही ते गप्प राहिले. मी आरशात बघितलं. ते वैतागून म्हणाले, "अरे, बोल की. तुझा नंबर आहे." मला उत्तर येत नव्हतं, फोरमन. पण असा प्रश्न चुकवण्यात केवढं सुख असतं ते मी तुला भेटल्यावर सांगेन.

तिथेच त्यांनी मला ते सांगितलं, जे तुला फोनवर सांगत नाहीत. फोनवर तू विचारतेस कसे आहात, ते म्हणतात मस्त, ते विचारतात जेवलीस का, तू म्हणतेस हो, संपलं. त्यांना भीती ही, की करमत नाही असं एकदा जरी त्यांच्या तोंडून निघालं, तर तू पूल सोडून घरी येशील. "ती काही अर्धवट सोडत नाही," म्हणाले, "माझ्यासाठी सोडायला लागू नये." म्हणून ते तुला बोलावत नाहीत. म्हणून त्यांनी ठरवलं की आपणच जायचं, आणि त्यासाठी आधी गाडी घाट चढेल अशी करायची. सगळा खटाटोप त्यासाठी. तेव्हा हे वाचून राजीनामा लिहायला बसलीस तर याद राख. अर्धवट सोडण्याचा धंदा माझा होता, तो मी बंद केलाय, तू उघडू नकोस. आणि त्यांनीच मला म्हटलं, "तिला पत्र टाक. मी लिहिलं तर ती म्हणेल बाबा आजारी आहेत. आणि तुलाही काहीतरी लिहायचं असेलच." एवढं बोलून खिडकीबाहेर बघत राहिले. डावा गाल आधी गेला होता.

तर आता विचारतो. येत्या रविवारी सकाळी आम्ही निघतोय. स्टिअरिंगवर मी, मागे तुझे बाबा, डिकीत आत्यांनी दिलेल्या पिशव्या, हत्यारांची पेटी आणि वस्तादांनी गुपचूप ठेवलेले जुने पॉइंट, डब्याची पूजा करायची वेळ आलीच तर. मी येऊ का? नको असेल तर बाबांना फोनवर फक्त इतकंच सांग, की गाडी तुम्हीच चालवत या. ते समजतील, मीही समजेन, टाकी भरून काच पुसून देईन आणि शटर उघडायला जाईन. गाडी त्यांना घाटात दगा देणार नाही, ते काम मी शेवटपर्यंत केलंय. पण काहीच सांगितलं नाहीस, तर कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी आम्ही तुझ्या दाराशी असू. हॉर्न वाजवणार नाही. बाहेर ये, बाजूची सीट कुणी घेतलेली नाही, बसायची माझी छाती झालेली नाही. पहिला प्रश्न बाबांचा असेल. दुसरा तुझा, आणि तो कधीचा रिकामा आहे.

तुझाच,
भडका
(हात भुश्याने दोनदा धुतलेत. तरी कागदावर डाग पडलाय, तो ग्रीसचाच आहे.)